सतरावं आणि एकशे चारावं

सतरावं विधान आणि एकशे चारावं विधान एकच होतं. सतराव्यात छापलं होतं, ‘चार माणसं जमली की निर्णय बहुधा मी घेतो/घेते.’ एकशे चाराव्यात, ‘चार माणसांत असताना निर्णय घेण्याचं काम बहुधा माझ्यावर येतं.’ मधे शहाऐंशी विधानं. शब्द हलवले होते, अर्थ जागचा हलला नव्हता. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत. एकूण विधानं एकशे वीस, वेळ पाऊण तास.

मला ते बघून बरं वाटलं. ही प्रश्नावली ज्याने कुणी पहिल्यांदा बनवली, तो माणूस इमानी असणार. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते लगेच खरं धरायचं नाही, त्याचं लक्ष नसताना तेच पुन्हा विचारायचं, हे त्याला कळत होतं. आमच्या प्रयोगशाळेतही आम्ही तेच करतो.

आम्ही पिण्याचं पाणी तपासतो. टाक्या, नळ, शाळा, दवाखाने, सगळीकडून रोज बाटल्या येतात. त्यातली दर दहावी बाटली दोनदा भरून आणतात आणि दुसरीवर भलताच क्रमांक टाकतात. आम्ही तिला जोडबाटली म्हणतो. कुठली बाटली कुणाची जोड, हे तपासणाऱ्याला माहीत नसतं. ती यादी माझ्या कपाटातल्या वहीत असते. दोन्हींचं उत्तर जुळलं तर त्या दिवसाचे रिपोर्ट बाहेर जातात. जुळलं नाही तर एकही जात नाही. पुन्हा मोजायचं. मी इथे आले त्याला बावीस वर्षं झाली आणि या नियमापुढे कुणाचा वशिला चाललेला नाही.

प्रश्नावली घेऊन आलेला गृहस्थ मात्र ती बनवणारा नव्हता. तो ती फिरवणारा होता. स्वतःला स्वभावतज्ज्ञ म्हणवायचा. त्याच्याकडे चार रंग होते: लाल म्हणजे दिशा देणारा, पिवळा म्हणजे जोडणारा, हिरवा म्हणजे सांभाळणारा, निळा म्हणजे विचार करणारा. जगातला प्रत्येक माणूस या चारांपैकी एका डब्यात बसतो, असं तो हसतमुखाने सांगत होता. पहिल्या दहा मिनिटांतच त्याचं नाव रंगारी पडलं.

“इथे चूक-बरोबर असं काही नसतं,” तो म्हणाला. “मनात येईल ते पटकन भरा.”

ज्या मोजमापात चूक असूच शकत नाही ते मोजमाप नव्हे, एवढं आम्हाला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी पेन्सिल उचलली. मी सहसा बोलत नाही.

हा सगळा घाट घातला होता साहेबांनी. साहेब म्हणजे वरच्या मजल्यावरचे संचालक. आमच्यासारखी चार कार्यालयं त्यांच्या हाताखाली येतात. प्रयोगशाळेच्या प्रमुखाची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती, तिच्यावर जुन्या नोंदवह्यांचा ढीग साचला होता, आणि आता प्रमुख नेमायचा तो शास्त्रीय पद्धतीने, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. साहेबांना ‘शास्त्रीय’ या शब्दाचं फार कौतुक. मी शास्त्र शिकले आहे, त्यामुळे हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारला की मला धडकी भरते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती खुर्ची मलाच देऊ केली होती. “विचार करून सांगते,” मी म्हणाले होते. तेव्हापासून मी विचार करत होते असं म्हणणं म्हणजे स्वतःची खोटी स्तुती होईल. मी टाळत होते. कुणी विचारलंच तर माझं उत्तर ठरलेलं असे: माझा तो स्वभाव नाही.

घरचंही मत तेच. माझी थोरली बहीण पडदे शिवते आणि शिवता शिवता फोनवर बोलते, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यामागे मशीन धडधडत असतं. “तू आणि साहेबीण?” ताई म्हणाली. “अगं, शाळेत तुला मॉनिटर केलं होतं आठवतं ना? बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, तर तू सगळ्यात वर स्वतःचंच नाव लिहून बसलीस!”

“मी सगळ्यांना गप्प बसा म्हणाले होते. म्हणजे बोललेच होते.”

“तेच म्हणतेय मी. असल्या माणसाने बाटल्या मोजाव्यात.”

खुर्चीसाठी डोळे लावून बसलेला एकच जण होता. तो बाहेरची खिडकी सांभाळायचा. बाटल्या घेणं, रिपोर्ट देणं, लोकांचे फोन घेणं ही त्याची कामं. आवाज असा की समोरच्याला आपली तक्रारच विसरायला व्हावी. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तो त्याचाही मान म्हणून स्वीकार करायचा. दुसरीकडे आमचा जंतुतज्ज्ञ. पाण्यातले जंतू काचेच्या तबकडीत वाढवून, त्यांचे ठिपके मोजणं हे त्याचं काम. त्याने आयुष्यात कुणाला ‘शुभ सकाळ’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्याचं नाव खवट. गेली नऊ वर्षं मी त्याला जोडबाटल्या देते आहे. नऊ वर्षांत त्याची जोड चार वेळा चुकली आणि चारही वेळा दोष बाटलीत होता, त्याच्यात नव्हता.

प्रश्नावलीच्या दीड महिना आधीचा एक गुरुवार इथे सांगायला हवा.

आदल्या दिवशी एका दवाखान्याच्या टाकीचं पाणी आलं होतं. चाळीस नंबरची बाटली. तिची जोड सेहेचाळीस नंबरची. गुरुवारी तबकड्या काढल्या तर चाळीसमध्ये शून्य ठिपके आणि सेहेचाळीसमध्ये अकरा. खवटने दोन्ही तबकड्या माझ्या टेबलावर आणून आदळल्या; जोड आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्याने ओळखलं.

“हे एकच पाणी आहे ना, बाई?”

“हो.”

“मग थांबवा सगळं.”

तेवढ्यात गोडबोल्या हसत आत आला. “अरे, मी त्यांना फोन करून सांगितलंसुद्धा. पाणी स्वच्छ म्हणून. चाळीसचा शून्य बघितला आणि कळवलं. बिचारे वाट बघत होते.”

“कुणाला विचारून कळवलंस?” खवट ओरडला. “पेशंट पितात ते पाणी! तुझ्या तोंडातली साखर घालणार आहेस का त्यात?”

“बघा बाई, हे असं बोलतात. जरा समजुतीने घ्या ना. शून्य पण आहे, अकरा पण आहेत. मधलं काहीतरी सांगू.”

“मधलं? साडेपाच सांगतोस की काय?”

गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहून हा तमाशा बघत होता. पुढे काय झालं ते इतकं साधं होतं की मी ते कधी मनात धरूनही ठेवलं नाही. मी रिपोर्टचा कागद ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. ड्रायव्हरला दोन नव्या बाटल्या देऊन दवाखान्यात पाठवलं. गोडबोल्याला म्हणाले, फोन लावा, पाणी उकळून प्यायला सांगा, आणि आधी सांगितलं ते चूक होतं असं स्पष्ट म्हणा. खवटला म्हणाले, बसा खाली. तो बसला. टाकीचं झाकण फुटलेलं निघालं. दुसऱ्या खेपेच्या दोन्ही बाटल्यांत ठिपकेच ठिपके होते.

बस, एवढंच. त्यानंतर मी हात धुऊन डबा खाल्ला.

तर प्रश्नावली. मी पाऊण तासात एकशे वीस खुणा केल्या आणि कागद जमा करणार, तेवढ्यात साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा कोरा फॉर्म त्यांच्या हातात होता.

“मॅडम, मला बैठकीला जायचंय. तेवढा माझाही भरून टाका ना. बारा वर्षं ओळखता मला.”

“साहेब, हे ज्याचं त्यानेच भरायचं असतं.”

“अहो, चूक-बरोबर काही नसतंच म्हणे. भरा काहीही.”

काहीही भरणं मला जमत नाही. साहेबांचं मन मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक आहे असं दाखवणं हा खोटा रिपोर्ट झाला असता. तेव्हा मी बावीस वर्षांच्या सवयीने जे सुचलं ते केलं. माझाच फॉर्म शेजारी ठेवला आणि माझी उत्तरं जशीच्या तशी त्यांच्या फॉर्ममध्ये उतरवली. एकच पाणी, दोन बाटल्या, दोन नावं. बघू या, तपासणारा काय सांगतो ते.

उतरवताना एक गोष्ट दिसली, जी भरताना दिसली नव्हती. सतराव्या विधानापुढे मी ‘अजिबात पटत नाही’वर खूण केली होती. एकशे चाराव्यापुढे ‘पूर्ण पटतं’वर.

दोन्ही सारखी आहेत हे मी भरतानाच ओळखलं होतं, प्रश्नावली बनवणाऱ्याचं मनोमन कौतुकही केलं होतं, आणि तरी दोन टोकांची उत्तरं दिली होती. माझी स्वतःची जोड जुळत नव्हती. हात खोडरबराकडे गेला. मग मागे घेतला. आलेली नोंद आपल्या सोयीने बदलायची नसते. जशी होती तशी दोन्हीकडे ठेवली.

आठवड्याभराने सभागृहात निकाल लागला. ज्याच्या-त्याच्या रंगाचं एक जाड कार्ड हातात मिळालं, टेबलावर उभं ठेवण्यासाठी. गोडबोल्या लाल-पिवळा. खवटला पूर्ण रंगच मिळाला नव्हता. निळ्यावर करडे पट्टे आणि खाली ‘संघर्षप्रवण’.

“हा काय जातिवंत गाढवाचा रंग दिलाय,” खवट कार्ड उलटं करून म्हणाला. “तुमचं काय, बाई?”

माझं हिरवं होतं. खाली लिहिलं होतं, ‘आधाराचा हात. विश्वासू. निर्णयाची जबाबदारी दिल्यास गोंधळते.’

“वा,” खवट म्हणाला. “झाडाला टांगा.”

पडद्यावर साहेबांचं कार्ड आलं. लाल. ‘जन्मजात नेतृत्व. वादळात शांत. ज्याच्याकडे बघून इतरांना दिशा सापडते असा दीपस्तंभ.’ टाळ्या झाल्या. साहेबांनी मान किंचित खाली घातली. आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं पण बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं, असं ती मान सांगत होती. शब्दांखाली चार पट्ट्या होत्या: लाल एकतीस, हिरवा एकतीस, निळा सत्तावीस, पिवळा अकरा. मी माझं कार्ड उलटलं. लाल एकतीस, हिरवा एकतीस, निळा सत्तावीस, पिवळा अकरा.

आकड्यांशी इमान राखलं गेलं होतं. अफरातफर झाली ती शब्दांत.

मग रंगारीने संस्थेचं निदान सांगितलं. दीड महिन्यापूर्वीचा गुरुवार त्याच्या कानावर गेला होता, आणि तो कुणाच्या गोड तोंडून गेला होता हे सांगायला नको. त्याच्या गोष्टीत गोडबोल्याने संकटात संवाद सांभाळला होता आणि खवटने वातावरण बिघडवलं होतं. माझा उल्लेख नव्हता. फुटलेल्या झाकणाचाही नव्हता. “जोडबाटली हे अविश्वासाचं प्रतीक आहे,” तो हात जोडून म्हणाला. “आपल्याच माणसाची चोरून परीक्षा घ्यायची? अशाने टीम कशी होणार?” शिफारशी तीन होत्या. गोडबोल्याला प्रमुख करावं. खवटला काचसामानाच्या कोठारात हलवावं, तिथे माणसांशी संबंध कमी येतो. जोडबाटल्या बंद कराव्यात. सोमवारपासून अंमल.

खवट बाहेर व्हरांड्यात उभा होता. ओरडला नाही, हेच मला खटकलं.

“कोठारात काय करायचं असतं हो, बाई?” त्याने विचारलं. “फुटलेल्या नळ्या मोजायच्या?” मग स्वतःशीच म्हणाला, “त्या तबकड्या आता कोण बघणार? तो बघणार? अकराला ‘थोडेसे’ म्हणेल तो.”

मी ताईला फोन केला. मशीन धडधडत होतं.

“मग तू काय करणारेस?” तिने विचारलं.

“माझा तो स्वभाव नाही ना,” मी म्हणाले.

मशीन थांबलं. “हे बघ,” ताई म्हणाली, “मी तुला ते म्हणते, तो माझा चावटपणा असतो. तू ते खरं धरून बसलीयस का इतकी वर्षं? शिकली-सवरलेली ना गं तू?”

मी फोन ठेवला. आजवर लोकांच्या पाण्याचा एकेरी निकाल मी कधी बाहेर जाऊ दिला नव्हता. स्वतःबद्दलचा मात्र वयाच्या दहाव्या वर्षी, एका फळ्यावरून, एकदाच घेतलेला निकाल मी चाळीस वर्षं उराशी धरला होता. रंगारीला हसण्याचा मला कितपत हक्क होता, कोण जाणे. तो निदान एकशे वीस प्रश्न तरी विचारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयात परत आलेल्या गठ्ठ्यातले दोन्ही फॉर्म आणि माझं कार्ड घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. रंगारी तिथेच होता; शिफारशींवर सही व्हायची होती. साहेबांचं लाल कार्ड टेबलावर, येणाऱ्याला आधी दिसेल असं, उभं केलेलं होतं.

“बोला मॅडम,” साहेब म्हणाले. “तुमचा हिरवा आम्हाला फार मोलाचा आहे हं.”

मी फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. “साहेब, तुमचा फॉर्म मी भरला होता.”

रंगारीने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पेपरवेटकडे बघितलं.

“घाईत होतो जरा,” ते म्हणाले. “पण तुम्ही ओळखता मला. वर्णन तंतोतंत जुळलंय.”

“त्यात मी माझीच उत्तरं उतरवली. एकशे वीसच्या एकशे वीस. जोडबाटली लावली.”

साहेबांनी एका कागदावर एक बोट आणि दुसऱ्यावर दुसरं बोट ठेवून खाली सरकवत नेलं. विसाव्या विधानाशी बोटं थांबली. “म्हणजे हा दीपस्तंभ…”

“मी आहे, साहेब. आणि गोंधळणारीही मीच आहे. आकडे एकच आहेत.”

“मॅडम, हे असं नाही वाचायचं,” रंगारी पुढे सरसावला. “लाल-हिरवा बरोबरीत आला की आम्ही माणसाची भूमिका विचारात घेतो.”

“भूमिका म्हणजे काय?”

“म्हणजे… संस्थेतलं स्थान.”

“म्हणजे पद.”

“तसंही म्हणता येईल.”

“म्हणजे जो खुर्चीवर बसलाय त्याचा स्वभाव खुर्चीवर बसण्याचा, आणि जो बसलेला नाही त्याचा न बसण्याचा. एवढ्यासाठी प्रश्नावली कशाला? खोलीत डोकावून बघितलं तरी चालेल.”

साहेबांनी लाल कार्ड आडवं केलं. हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये असं. पण माझं काम लक्ष देण्याचंच आहे.

रंगारीने दरम्यान माझा फॉर्म ओढून घेतला होता. आपलाच माल त्याने बहुधा पहिल्यांदा इतक्या बारकाईने वाचला. एका जागी त्याचं बोट थबकलं आणि चेहरा उजळला.

“ही बघा साहेब, बरोबरी का झाली ती! सतरा आणि एकशे चार. प्रश्न एकच, आणि यांची उत्तरं दोन टोकांची. सतराव्यासारखं दोन्हीकडे असतं तर हिरवा पुढे गेला असता, एकशे चाराव्यासारखं असतं तर लाल. मॅडमना स्वतःलाच माहीत नाही त्या कोण आहेत. मी ‘गोंधळते’ म्हणालो, त्यात काय चुकलं?”

त्या आठवड्यात तो बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

“काहीच चुकलं नाही,” मी म्हणाले. “जोड जुळत नाही.”

“झालं तर मग!”

“नाही जुळली तर आम्ही रंग देत नाही. पुन्हा मोजतो.”

साहेबांनी खुर्चीत मागे टेकून माझ्याकडे पाहिलं. ते मूर्ख नव्हते. स्तुतीच्या बाबतीत भोळे होते, इतकंच. “मोजा मग,” ते म्हणाले. “यातलं खरं कुठलं?”

सतरावं भरताना माझ्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला आठवलं: फळा, आणि त्यावर खडूने लिहिलेलं माझं नाव. एकशे चाराव्यापर्यंत येताना हात दुखायला लागला होता, मी कोण आहे हा विचार करायचं सोडून दिलं होतं, आणि डोळ्यांपुढे नुसता एक गुरुवार होता, दोन तबकड्या आणि एक कुलूप. एक मी ऐकलेलं होतं. दुसरं घडलेलं होतं. त्या गुरुवारी खोलीत खवट होता, गोडबोल्या होता, दारात ड्रायव्हर होता आणि मी. मी पुन्हा मोजलं. बरोबर चार माणसं.

“साहेब, दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक विचारलं होतं,” मी म्हणाले.

“हो. तुम्ही विचार करून सांगणार होतात.”

“झाला विचार.” माझा आवाज नेहमीएवढाच होता, मोठा करायची गरज वाटली नाही. “जंतुतज्ज्ञ त्यांच्या टेबलावरच राहतील. जोडबाटल्या चालू राहतील. आणि खुर्चीवरच्या वह्या मी आज दुपारी उचलते. प्रमुख मी होते.”